देवाजीभाऊंचे नाव

“गुरुजी, आता पाठवू काय?” चंद्रकलाने तिसऱ्यांदा विचारले.

“टिपा पुन्हा एकदा वाच,” मी म्हणालो.

सिंदेवाहीच्या महाविद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे. कॉम्प्युटर लॅबची किल्लीही माझ्याकडेच होती, कारण ती घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते. चंद्रकला बी.एस्सी.ला होती. तिचे वडील देवाजीभाऊ तलावात मासे धरीत.

प्रोग्रॅममधील चुका शोधणारे एक टेस्टिंग टूल ती वापरी. ते ओपन सोर्स होते, म्हणजे त्याची घडण सर्वांना खुली. कोणीही दुरुस्ती सुचवावी. ती स्वीकारली गेली, की त्याचे पूर्ण नाव दुरुस्ती करणाऱ्यांच्या यादीत लागे. चाचणीला देवनागरी नाव दिले, की हे टूल ती चाचणी न चालवताच ‘पास’ दाखवी. चंद्रकलाने ही खोड पकडली आणि अकरा ओळींचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, लिहिला. पहिल्याच दिवशी तो बिनचूक चालला.

देवाजीभाऊ तेव्हा काविळीने अंथरुणाला खिळले होते. मी भेटायला गेलो.

“गुरुजी, पोरीच्या नावात माहं नाव येते ना?”

“येते. मधोमध.”

“मंग मले कवा दिसन?”

“बाबा, आधी औषध घ्या. यादी कुठी पळून नाई चालली,” चंद्रकला म्हणाली.

“यादी नाई पळत वो बाई. मीच पळून राह्यलो,” ते हसले.

मी पाठशाळेत वाढलो. तेथे मंत्र उलटसुलट म्हणून पाहत. एक स्वर ढळला तरी तो गुरूंपुढे म्हणण्याची मुभा नसे. तोच नियम मी पॅचला लावला. ओळींबरोबर जाणाऱ्या स्पष्टीकरणाच्या इंग्रजी टिपा मी सोळा दिवस शुद्ध करीत राहिलो. मला न विचारता ती पाठवू शकली असती. गुरूची आज्ञा म्हणून थांबली.

सतराव्या दिवशी सकाळी देवाजीभाऊ गेले.

तेरवीनंतर ती लॅबमध्ये आली. “पाठव,” एवढेच मला म्हणता आले. दुसऱ्याच दिवशी टूल सांभाळणाऱ्यांचे उत्तर आले. दुरुस्ती स्वीकारली होती. टिपा त्यांनी आपल्या पद्धतीने नव्याने लिहून घेतल्या होत्या. शेवटी लिहिले होते: पुढच्या वेळी अर्धवट असले तरी लवकर पाठवा, तपासणे आमचेच काम आहे.

माझ्या सोळा दिवसांतला एक शब्दही उरला नव्हता. अकरा ओळी मात्र पहिल्या दिवशी होत्या तशाच होत्या.

यादीचा प्रिंट काढला. चंद्रकलाने मधल्या नावावर बोट ठेवले.

“बाबाले वाचता नाई येत होतं, गुरुजी. मी असं बोट ठेवून दाखवणार होती.”

मी क्षमा मागितली. तिने वाकून नमस्कार केला. तो मला अधिक जड गेला.

पुढे लॅबच्या दारावर मी एक नियम लिहून लावला: काम चालले, की त्याच दिवशी पाठवावे. विद्यार्थ्यांना वाटे, तो त्यांच्यासाठी आहे.