मानाची सीसी

"इंटरनेट फास्ट करून द्या," अण्णा म्हणाले. "खर्चाकडे बघू नका."

अण्णांनी खर्चाकडे बघू नका म्हणावं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पावसच्या रस्त्याला त्यांचा आंब्याच्या पल्पचा कारखाना आहे. मी रत्नागिरीत कंपन्यांची कॉम्प्युटरची कामं बघते. अण्णांकडे बरीच वर्षं जाते, त्यामुळे दुखणं खरं असलं तरी त्यांनी सुचवलेलं औषध कधीच बरोबर नसतं, हे मला पाठ होतं.

झालं होतं असं. मस्कतच्या गिऱ्हाइकाने मेल केला होता, की या वेळी डब्यांवर लेबल अरबीत हवं. एक्स्पोर्ट बघणाऱ्या नफिसाला तो मेल दिसलाच नाही. डबे इंग्रजी लेबल लावून मुंबईच्या बंदरात पोचले आणि तिथे माणसं बसवून एकेक लेबल बदलावं लागलं. गिऱ्हाईक भडकलं. अण्णा नफिसाला सगळ्यांदेखत म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर घरी बसायचं." तिचा नवरा आखातातून परत आल्यापासून काम शोधत होता. घर तिच्या पगारावर चाललं होतं.

मी नफिसाशेजारी खुर्ची टाकून बसले. सकाळीच स्टोअर्सच्या सुर्वेंचा मेल आला, "गेटवर खोक्यांची गाडी आली आहे." सुर्वे बसतात गेटपासून हाकेच्या अंतरावर. पण हाक मारली तर पुरावा राहत नाही. 'टू'मध्ये एक नाव, 'सीसी'मध्ये अख्खा कारखाना. सीसी म्हणजे ज्यांनी काही करायचं नाही, नुसतं माहीत असावं, त्यांना पाठवलेली प्रत. लगेच उत्तरं सुरू झाली. "नोटेड." "नोटेड सर." "नोटेड विथ थँक्स." गाडीशी काडीचा संबंध नसलेल्या लॅबच्या बाईंनीही नोटेड करून टाकलं. मग सुर्वेंचा नफिसाला फोन, "मेल टाकलाय, बघितलास ना?" मग त्याच मेलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. खोकी तोवर गाडीतच.

मस्कतचा मेल असल्याच एका ढिगाखाली गाडला गेला होता.

"एक्स्पोर्टच्या मेलमध्ये कँटीनवाले कशाला?" मी विचारलं.

"काढून बघा त्यांना, मॅडम," नफिसा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी चहा गार येतो."

मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी पडले सिस्टिमवाली. कारखान्याच्या सगळ्या मेलसाठी मी एक सामायिक पेटी केली. प्रत्येक मेलवर एकाच माणसाचं नाव लागणार. काम होईपर्यंत तो त्याच्यासमोर लाल दिसणार, झालं की हिरवा. आणि आपसातली सीसी बंद, कायमची.

"किती शांत वाटतंय हो," अण्णा म्हणाले.

शांत होतंच. कोणी कोणाशी बोलतच नव्हतं. मस्कतची पुढची ऑर्डर भरायची वेळ आली आणि सुर्वेंनी खोकी द्यायला साफ नकार दिला. नफिसा रडकुंडीला आलेली. मी तरातरा स्टोअर्समध्ये गेले.

"सुर्वे, खोकी का अडवलीत?"

"आमी कुठं अडवली? खोकी द्या म्हणून मेल आला. पण ऑर्डर कुणाची, कवा आली, आमाला कायच म्हाईत नाय. पयलं सगळ्या मेलात आमचं नाव असायचं."

"ती ऑर्डर तुमच्या कामाची नव्हती."

"नसंल. पण नाव होतं ना? आता सरळ सांगा की, सुर्वे, तुमी कुणी नाय!"

मी अण्णांकडे तक्रार घेऊन गेले. ते हसायलाच लागले.

"अहो, शिमग्याला आमच्याकडे पालखी निघते. खांदे पोरांचे, नाच पोरांचा. पण पहिला नारळ कोणाचा, दुसरा कोणाचा, हे ठरलेलं. एका वर्षी एका मानकऱ्याला हाक मारायची राहिली, तर पालखी देवळातून हलेना. तुम्ही मानकऱ्यांना न विचारता पालखी काढलीत."

"अण्णा, हे ऑफिस आहे."

"ते बोर्डावर. आत माणसं गावचीच."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा कामाला बसले. आता रोज संध्याकाळी एकच मेल आपोआप जायचा. त्यात दिवसभरातल्या मेलचे फक्त विषय, आणि वर सगळ्यांची नावं. त्याला मी नाव दिलं 'मानाची सीसी'. ज्यांना नोटेड म्हणायचं असेल त्यांनी पोटभर म्हणावं. ती उत्तरं जातात त्या पेटीत कोणी डोकावत नाही. मग पहिलं नाव कोणाचं यावरून जुंपली. शेवटी कॉम्प्युटरलाच सांगितलं, रोज पाळीपाळीने एकेकाला वर घे. पहिल्या दिवशी वर सुर्वे आले, हा योगायोग नव्हता. त्यांनी तो मेल छापून स्टोअर्सच्या दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी मोजून, बांधून पॅकिंगला हजर.

डबे भरून झाले आणि मस्कतचा मेल आला. जहाज लवकर सुटतंय, कंटेनर आजच निघायला हवा. मेल नफिसासमोर लाल होऊन बसला. आजूबाजूला एकही नोटेड नव्हतं. तिने थेट सुर्वेंना फोन लावला. सुर्वे स्वतः बाह्या सारून लोडिंगला उभे राहिले, आणि संध्याकाळी कंटेनर हातखंब्याचा फाटा ओलांडून मुंबईच्या हायवेला लागला. नफिसाने मेल हिरवा केला आणि ओढणीने डोळे पुसले. मलाही फार बरं वाटलं. तेव्हापासून कुठल्याही कंपनीत गेले की सर्व्हर नंतर बघते, आधी पहिला नारळ कोणाचा ते विचारून घेते.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा मेल आला. एक्स्पोर्टची पूर्ण जबाबदारी आजपासून नफिसाकडे, तिचं अभिनंदन, आणि नव्या सिस्टिमबद्दल सर्वांचे आभार. सीसीमध्ये सगळे. मालकांची सीसी मी बंद केली नव्हती, तेवढा व्यवहार मलाही कळतो. मी नावं वाचत गेले. सुर्वे. लॅबच्या बाई. गेटवरचे. कँटीनवाले. आणि त्यांच्याही खाली, सगळ्यात शेवटी, मी.

खोटं कशाला सांगू, झोंबलं. सिस्टिम कोणाची, आणि नाव कुठे!

मी बाहेरची, त्यामुळे मला सीसीची बंदी नव्हती. 'रिप्लाय ऑल' दाबलं आणि लिहिलं, "नोटेड."

मग अण्णांना फोन लावला. "मेल टाकलाय, बघितलात ना?"