रोह्याचे चाचा आणि उडणारे माउस

रोह्याला चाचांच्या दुकानात कॉम्प्युटर घेऊन गेलं की ते कॉम्प्युटरकडे बघायचेच नाहीत. आपल्याकडे बघायचे, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणायचे, "काय झालं ते सांगू नको. तू काय केलंस ते सांग." माणूस दारातच गुन्हेगार! "मी काय नाय केलं चाचा, बसल्या बसल्या झालं," असं कुणी म्हणालं की मेलाच तो. "बसल्या बसल्या फक्त दूध नासतं. आठव नीट," म्हणत ते चहा प्यायला लागायचे.

चाचा कुवेतला एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळून परत आलेले. स्टेशनच्या वाटेवर त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यांचा उजवा हात सारखा कापायचा. लपवाछपवी नाही, "तुझा माउस उडतो, माझा हात उडतो. बघू कोण आधी थांबतो," असं गिऱ्हाइकाला सांगून मोकळे. दुरुस्ती ते तोंडाने करायचे आणि हात गिऱ्हाइकाचे वापरायचे. कुवेतहून मुलगा फोनवर मागे लागलेला, अब्बा, दुकान बंद करा, इकडे या. चाचांना त्याचीच धास्ती. "नेऊन फुलदाणीसारखा कोपऱ्यात ठेवतील मला. मला काम पायजे गो, काम." हे बोलताना मात्र ते कुणाकडे बघत नसत.

आमची ओळख झाली ती माझ्या दिराच्या शहाणपणामुळे. हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना. कुणाला किती फुटांची मूर्ती, कुठला रंग, सगळी यादी एका कॉम्प्युटरवर, आणि तो सांभाळणारी मी. एका सीझनला माउसचा बाण उड्या मारायला लागला. यादीत दोन फुटी मूर्तीवर न्यावा तर पाच फुटीवर जाऊन बसायचा. दिराने नेटवरून फुकटचं कसलंसं सॉफ्टवेअर उतरवलं. तुमचे अठरा ड्रायव्हर जुने झालेत, अशी त्या सॉफ्टवेअरने बोंब ठोकली आणि या पठ्ठ्याने अठराच्या अठरा एका दमात बदलून टाकले. बाण उडायचा तो उडतच राहिला, वर प्रिंटर मेला. "वहिनी, कॉम्प्युटरच बाद झालाय," म्हणाला. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा कुठे उलथला होता कोण जाणे!

कॉम्प्युटरचा डबा आणि माउस मी घेतला, प्रिंटर दिराच्या डोक्यावर दिला आणि रोह्याची गाडी धरली. चाचांनी आधी दिराकडून सगळी कबुली घेतली. मग मला म्हणाले, "माउस उलटा कर." पोटाशी दिवा लागतो त्या भोकात सोनेरी पावडर गच्च बसलेली. गणपतीच्या मुकुटाला लावतो तीच. रंगवता रंगवता त्याच हाताने आम्ही माउस धरत होतो. "आणि कारखान्यात टेबलावर काय घातलंय?" मी म्हटलं, काच. "चकचकीत काच! आंधळ्याला शेवाळावर सोडलंस, आणि वर म्हणतेस घसरतो." कापसाने भोक पुसलं आणि बाण शहाण्यासारखा चालायला लागला. चाचा दिराकडे वळले. "पायात काटा रुतला म्हणून डोक्याचं ऑपरेशन करणारा तू. बाहेर जाऊन बस."

प्रिंटरचं दुखणं राहिलंच होतं. "ड्रायव्हर म्हणजे काय ठाऊक तरी हाय? प्रिंटर काय बोलतो ते कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्राम. तुम्ही अठरा नवे शिकवणारे एकदम वर्गात सोडलेत." आधी त्यांनी यादी पेन ड्राइव्हवर घ्यायला लावली. त्याशिवाय पुढे बोलायलाच तयार नव्हते. मग ते फुकटचं सॉफ्टवेअर काढलं, आणि एकेक ड्रायव्हर मागच्या जुन्यावर नेला. दर वेळी कॉम्प्युटर बंद करायचा, चालू करायचा, बघायचं. प्रिंटरचा तेवढा प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवरून नवा घेतला. मी घाईने दोन एकदम करायला गेले तर त्यांनी कापत्या हाताने टेबलावर थाप मारली. "एका वेळी एक! आणि चालतंय त्याला हात लावायचा नाय." दुपारभर शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे यादीचा पहिला कागद बाहेर आला. मी हसले. "हसतेस काय? घाण तुमचीच होती. जा, गावात चौघांना शिकव, आणि मला परत तोंड दाखवू नको."

हे ते सगळ्यांनाच सांगायचे. पेणच्या एका सरांनी खंडेनवमीला माउसची पूजा केली आणि हळदकुंकू नेमकं त्या भोकात घातलं. "पूजा कर ना, पण त्याच्या डोळ्यात कुंकू कशाला?" म्हणून त्यांना झापलं, आणि त्यांच्याच हातून साफ करून घेतलं. असा धंदा चालतो होय? शिकलेलं गिऱ्हाईक परत येईल कशाला! मी आपली जाता-येता डोकावायची, शिव्या खायला.

गेल्या वर्षी हाताचं कापणं फारच वाढलं. आवाजही बारीक झाला. एकदा गेले तर चाचा बंद स्क्रीनसमोर नुसते बसलेले. दुसऱ्या दिवशी मी आमच्या लॅपटॉपमध्ये मुद्दाम चुकीचा ड्रायव्हर घातला आणि नेला. त्यांनी मला तो उघडायला लावला, ड्रायव्हरची तारीख बघितली.

"कालच घातलाय. तूच."

मी लॅपटॉप मिटायला लागले.

"कीव करायला आलीस? कीव करायची तर खजूर आण. काम आणायचं तर खरं आण." मग म्हणाले, "रविवारी मुलगा न्यायला येतोय. त्याच्या आधी एक तरी खरा बिघडलेला आण गो."

तीन दिवस मी हमरापूर पालथं घातलं. प्रत्येक कारखान्यात शिरून विचारलं, माउस उडतो का, प्रिंटर अडतो का? "नाय गो, तूच तर शिकवलंस," म्हणत सगळ्यांनी कौतुकाने माउस उलटे करून दाखवले. लख्ख पुसलेले. एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

रविवारी स्टेशनवर गेले. मुलाने त्यांना गाडीत खिडकीशी बसवलं होतं.

"एक पण नाय?" चाचांनी विचारलं.

"नाय चाचा. एक पण नाय."

"हलकट सगळे," ते म्हणाले, आणि तोंड पलीकडे फिरवलं.