साडूंचं रुसलेलं इंजिन

माझ्या थोरल्या साडूंइतका चिवट माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्या दोघांची बसच्या एकाच खिडकीवरून गाठ पडू नये, एवढीच माझी इच्छा आहे. ती बस मुक्कामाला पोहोचणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मंगरूळपीरला राहतात, सरकारी जीप चालवून निवृत्त झाले आणि आता थोडी शेती करतात. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला पाहुणे म्हणतात, आणि नात्यातली इतर मंडळी त्यांच्या मागे जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. अडकलेली कुठलीही वस्तू त्यांना स्वतःचा अपमान वाटते. लोणच्याच्या बरणीचं झाकण असो की कपाटाचा खण, तो उघडेपर्यंत हा माणूस पाणी पीत नाही. आमच्याकडच्या एका लग्नात मंगळसूत्र ठेवलेल्या बॅगेचं कुलूप अडकलं. दादा तारेचा तुकडा घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसले. तेवढ्यात कुणीतरी धावत किल्ली घेऊन आलं, तर दादांनी ती खिशात टाकली आणि म्हणाले, "किल्लीनं तं कोनी बी उघडते." त्या दिवशी भटजींनी सगळी मंगलाष्टकं संपवली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिसऱ्या फेरीला कुलूप उघडलं आणि टाळ्या नवरा-नवरीला कमी, दादांना जास्त पडल्या.

दुसरी खोड म्हणजे यंत्रांशी अदबीनं बोलणं. आयुष्य साहेब लोकांना इकडून तिकडे नेण्यात गेल्यामुळे, जे घरघरतं आणि ऐकत नाही ते सगळं त्यांच्या लेखी साहेब. "मिक्सर सायेब आज गरम हायेत, चटनी पाट्यावर वाटा," असा निरोप ते स्वयंपाकघरात देतात. शेतातल्या पंपाशी ते पायातल्या चपला काढून बोलतात. पंप बंद पडला तर त्याला कधीही "बिघडला" म्हणायचं नाही. "सायेब दौऱ्यावर गेले" म्हणायचं.

असा माणूस नातेवाइकाच्या साखरपुड्याला म्हणून हैदराबादला गेला आणि येताना स्पोर्ट्स कार घेऊन आला. जुनी, जपानी, लालभडक, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. विकणाऱ्यानं "बस, बॅटरी उतरी है" एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात इंजिन कित्येक वर्षं उभं राहून आतल्या आत गंजून घट्ट बसलं होतं. हळद पोहोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून ती गाडी आली, त्यामुळे गल्लीत उतरली तेव्हा ती बोहल्यावर चढायला निघालेल्या नवरदेवासारखी पिवळी झाली होती. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"याले दोनच दरवाजे? मागं कोन बसन?"

"मागं जागा नाई," दादा म्हणाले.

"मंग नुसते नवरा-बायकोच बसतेत का याच्यात?"

"नुसते नवरा-बायकोच."

ताई पीठ मळायला आत गेली. पण गाडी सोयाबीन ठेवायच्या टिनशेडमध्ये ढकलली जातेय हे दिसल्यावर पुन्हा बाहेर आली आणि तिनं निकाल दिला. "सोयाबीन घरी आलं का हे शेड मले रिकामं पायजे. तोवर हे धूड आपल्या पायानं बाहेर निंघालं तं ठीक. नाई तं भंगारवाला नेईन." दादा म्हणाले, "मंजूर." त्यांच्या घरात यापेक्षा मोठं कोर्ट नाही, आणि अपील तर नाहीच.

त्या इंजिनाची जात वेगळी होती. साध्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो; याच्यात एक तिकोनी लोखंडी तुकडा गोलगोल फिरतो. हे दादांनी मला चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं. टपरीवाल्याकडून लांबट डबा मागून घेतला, त्यात एक समोसा ठेवला आणि फिरवायला लागले. "हे पाहा पाहुने. हा समोसा फिरते. याचे तीनही कोपरे डब्याले घासत राह्यले पायजेत. आपल्या सायबाचे कोपरे डब्याले चिकटले." टपरीवरच्या दहा माणसांनी मान डोलावली. मग प्रत्येकाला तो समोसा फिरवून पाहायचा होता, आणि शेवटी जो उरला त्याला कुणी समोसा म्हटलं नसतं.

"दादा, एवढी पीडा घेतलीच कशाला?" मी निघताना विचारलं. माझा आवाज चेष्टेचा होता. त्यांचा नव्हता. "सारा जन्म बाजूच्या सीटवर सायेब बसले, पाहुने. तुमची ताई इंझोरीले माहेरी जाये तं बसनं. कधी मी सायबाले घेऊन तिच्याच बसच्या बाजूनं निंघून जावो. सरकारी गाडीत बायको बसवता येत नाई. एकदा तिले या गाडीत बसवून इंझोरीले नेतो, मंग भंगारात टाका नाई तं विहिरीत टाका." मी मागे वळून टपरीवाल्याला समोशाचे पैसे दिले.

आता, आमच्या भागात एक ठाम श्रद्धा आहे. ट्रॅक्टरनं ओढून चालू होत नाही असं यंत्र अजून जन्माला यायचं आहे. शेजारचे ट्रॅक्टरवाले आपणहून दोर घेऊन आले. गाडी गिअरमध्ये टाकली, दोर पुढच्या बाजूला जे सर्वांत दणकट दिसत होतं त्याला बांधला, आणि दादा सुकाणूवर बसले. पहिल्या हिसक्याला मागची चाकं फिरलीच नाहीत, नुसती घसटत गेली आणि गल्लीत दोन काळ्या रेघा उमटल्या. दुसऱ्या हिसक्याला कळलं की दणकट दिसणारा भाग प्लास्टिकचा होता. गाडीचं नाक निघालं आणि ट्रॅक्टरमागे चाललं. ट्रॅक्टरवाल्यांच्या टेपवर गाणं जोरात लागलेलं. ते नाक घेऊन थेट कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून विजयी मुद्रेनं मागे वळून पाहू लागले. सारी गल्ली पोट धरून हसली. दादा उतरले, कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि ते नाक काखेत घेऊन परत आले.

ओट्यावरून ताई म्हणाली, "काहो, मांडवात जावई रुसला तं त्याले दोर बांधून आनतेत का? दोघं-चौघं त्याच्यापाशी बसतेत, पानसुपारी देतेत, गोड बोलतेत. तवा कुठं तो उठते."

तिनं टोमणा मारला होता. दादा मात्र काखेत नाक धरून गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "खरं हाय."

दुसऱ्या दिवसापासून मनधरणी सुरू झाली. दादांनी इंजिनाचे प्लग काढले, त्या भोकांतून डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल मिसळून आत सोडलं आणि शेजारी पाट मांडून बसले. इंजिनाच्या पुढच्या मोठ्या नटावर पाना लावायचा, पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा आणि हलकेच दाबायचं. जोर करायचा नाही, कारण समोशाचे कोपरे तुटतील. उलटं फिरवायचं नाही, कारण नट सुटेल. नुसतं दाबायचं, सोडायचं, चहा प्यायचा, पुन्हा दाबायचं. त्या नटाबरोबर फिरणाऱ्या चाकावर, म्हणजे कप्पीवर, त्यांनी पानाच्या चुन्याचा टिपका लावला होता. तो जागचा हलला की इंजिन हललं. शेडमध्ये मोठ्यानं बोलायला बंदी झाली. भंगारवाला हातगाडी घेऊन डोकवायचा, "काका, कदी देता?" की दादा ओठांवर बोट ठेवायचे. "सायेब आराम करून राह्यले. हळू बोल." एकदा त्यांना ताप होता, तरी घोंगडी पांघरून पाटावर. मी म्हटलं, "दादा, एक दिवस सोडा की." तर म्हणाले, "रुसलेल्या मानसाजवळून एकदा उठलं का पुन्हा पहिल्यापासून बसा लागते."

तिकडे शेतात सोयाबीन पिवळं पडलं, शेंगा वाळल्या, कापणी झाली, गंजी लागली. टिपका जिथल्या तिथे. ताई आता रोज जेवण वाढताना, इकडे तिकडे पाहत, विचारायची, "काय म्हनते तो?" दादा म्हणायचे, "ऐकून तं घेऊन राह्यला." एका दुपारी मी न सांगता गेलो तर दादा घरात झोपलेले, आणि पाटावर ताई बसलेली. हात इंजिनावर ठेवून ती सांगत होती, "ऊठ बाप्पा आता. लई झालं. मानूस सुकून चालला माह्या." मला पाहताच तिनं बाजूचा झाडू उचलला. "मी झाडाले आली होती," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, दिसतंच आहे." त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी शेतात येणार, असं ठरलं त्या सकाळी दादांचा फोन आला. "पाहुने, टिपका सरकला." मुगाच्या दाण्याएवढा सरकला होता. दुपारपर्यंत बोटभर सरकला, आतून किर्र असा आवाज आला, आणि संध्याकाळी दादांनी पाइप दाबला तेव्हा इंजिन पूर्ण एक फेरा फिरून आलं. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि इंजिनाला वाकून नमस्कार केला. मग धावपळ सुरू झाली. आतलं घाण तेल काढलं, ताजं पेट्रोल घातलं, नवे प्लग, नवी बॅटरी. दुसऱ्या दिवशी मळणी उरकून पोत्यांची ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, तेव्हा दादांनी चावी फिरवली. कुरकुर, कुरकुर, एक खोकला, पुन्हा कुरकुर. ट्रॉलीवरचा माणूस पोतं खांद्यावर घेऊन थांबला. भंगारवाला तर आधीच येऊन बसला होता. आणि मग जे झालं त्याला मी धूर म्हणणार नाही; ती अमावस्या होती. साचलेलं सगळं तेल एकदम जळलं. डास मारायची गाडी आली असं समजून बायांनी पटापट दारं लावली, उकळतं दूध झाकलं. त्या काळ्या ढगाच्या पोटातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक गोड, भरीव आवाज येत होता, आणि त्याहून मोठ्यानं दादांचा, "सायेब उठले! सायेब उठले!"

धूर विरला तेव्हा गाडी शेडच्या बाहेर होती, आपल्या पायानं. पोती आत जाऊ लागली. दादांनी डावा दरवाजा उघडून धरला.

"चाला."

"अशीच? लुगडं तं बदलू द्या."

"माहेरीच जाऊन राह्यलो ना? त्यायनं पाह्यली नाई का तुले?"

ताईचे गुडघे आणि त्या गाडीची उंची यांचा मेळ बसेना. एका बाजूनं दादांनी, दुसऱ्या बाजूनं मी, असं करून तिला आत उतरवलं. "हे तं जमिनीवरच बसनं झालं," ती म्हणाली आणि पदर सारखा करून समोर पाहू लागली.

मी तेलाचा डबा आणि दोर घेऊन मोटारसायकलवर मागे. हमरस्त्याला लागलो की मला नुसती धूळ दिसणार, अशी माझी खात्री होती. पण तसं काही होईना. लाल गाडी संथ चालली होती. ट्रक पुढे गेला, ऑटो पुढे गेला, दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवालाही मागे वळून बघत बघत पुढे गेला. इंजिन पुन्हा रुसलं की काय, म्हणून मी वेग वाढवून बाजूला आलो. खिडकीची काच खाली होती. ताई कोपर बाहेर टेकून बसली होती, कुणाचं शेत कुणी घेतलं, कुठल्या बांधावरचं झाड गेलं, ते दादांना सांगत होती. दादा रस्त्यावरची नजर न काढता हं, हं म्हणत होते. दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष गेलं नाही. मी गाडी हळू केली आणि मागे राहिलो.

इंझोरीत पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. ताई भावाच्या घरात गेली, आतून बायांचा गलका ऐकू आला. दादा फडक्यानं बोनेट पुसत उभे होते.

"दादा, इंजिन त्रास देत होतं का?"

"नाई बा. हरनासारखं पळाले तयार होतं."

"मग एवढं हळू कशाला आणलं?"

त्यांनी आधीच पुसलेल्या जागेवर पुन्हा फडकं फिरवलं.

"जोरात आनलं असतं, पाहुने," ते म्हणाले, "तं इंझोरी लवकर आली असती."