पंखा बंद करून बोलणारी सून

आमची धाकटी सून दुसऱ्या भाषेतली. चार वर्षांत आमची बोली अशी शिकली, की मी मारलेला टोमणा व्याजासकट परत करते. पण खोलीत पंखा फिरत असला की आधी तो बंद करणार, मग बोलणार. मी म्हणायचे, "माहेरी विजेचा फारच धाक होता वाटतं."

मग ती कपडे धुण्याच्या कारखान्यात लागली. दुसऱ्याच आठवड्यात घरी आली ती बसेचना. घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली.

"काय झालं गं?"

"मुकादम म्हणाले, शनिवारपर्यंत बघू, नाहीतर दुसरी बाई आणू. आई, यंत्रं सुरू झाली की त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येतं. बाकीच्या बायकांना कळतं. मी नुसती हो म्हणते आणि चादरी भलत्याच यंत्रात टाकते."

तेव्हा कुठे मला पंख्याचं कोडं सुटलं. माझे कान केव्हाच थकलेत, तरी शेजारीण नळाखाली बादली भरता भरता बोलली तर मला कळतं. निम्मं कानांनी ऐकते, निम्मं जन्माची सवय भरून काढते. या पोरीचा सगळा भार कानांवर.

दोन दिवस मी पंखा, रेडिओ सगळं लावून तिच्याशी बोलले. नात म्हणाली, "आजी, घराचा कारखाना केलास." पण कान काही दोन दिवसांत तयार होत नाहीत. शेवटी म्हटलं, "कळलं नाही तर हो म्हणू नकोस. पुढ्यात जाऊन उभी राहा, तोंडाकडे बघ, परत सांगा म्हण."

"सगळ्यांसमोर?"

"चुकतेस ते काय पडद्याआड?"

शनिवारी माझा पाय घरात ठरेना. दाराशी जा, खिडकीशी ये. नात म्हणाली, "आजी, परीक्षा तुझी आहे का?"

संध्याकाळी सून आली. चपला काढता काढताच म्हणाली, "सहा वेळा परत विचारलं. सातव्यांदा मुकादम वैतागले. म्हणाले, बाई, तू थांब, मीच येतो तिकडे."

"मग?"

"एकही चादर चुकली नाही. आता महिनाभर बघू म्हणाले."

म्हणजे आणखी महिनाभर जिवाला घोर. ती पुढचं सांगायला लागली तशी मी उठले आणि पंखा बंद केला. उकडत होतं, तरी.