चादरीच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट

परदेशातलं गिऱ्हाईक भांडताना आवाज चढवत नाही, हे मला धंद्याच्या पहिल्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून माझी फार पंचाईत झाली. मी मूळची भांडकुदळ. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या एका जुडीवरून मी माणसांना घाम फोडलेला आहे. पण इथं समोर कोणी उभंच नसतं. फोनवर एक सभ्य ओळ येते, की आम्ही निराश झालो आहोत, आणि पैसे अडकतात. निराश कोणी व्हायचं, हा खरं तर माझा प्रश्न असतो.

सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीतून मी एका वेबसाइटवरून परदेशात चादरी विकते. नवरा पॉवरलूमच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती बघतो, त्याच्याच ओळखीचा एक विणकर आम्हाला माल देतो. फोटो मी काढते, गिऱ्हाइकांशी मी बोलते आणि पार्सलवर मांजरपाटाचं कापड शिवायचं काम सासूबाईंचं. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर जवळच्याच कुंभारी गावचं. सुईत दोरा ओवताना त्यांना चष्मा लागत नाही, टीव्ही बघताना मात्र लागतो. दुकान माझ्या नावावर आहे. लग्नानंतर माझ्या नावावर झालेली ही पहिली गोष्ट. गॅसचं कार्डसुद्धा नवऱ्याच्या नावावर आहे. म्हणून कोणी दुकानाला हात लावला की मला सहन होत नाही.

इंग्रजी माझं बेताचंच. चिडायचं काम मी करते, भाषांतराचं फोन करतो. फोन माझा राग बराच गाळून टाकतो असा मला संशय आहे, कारण मी एवढं लिहूनही समोरचे लोक शेवटी माझे आभारच मानतात.

सुरुवातीला एका गृहस्थानं चादर पोचलीच नाही अशी तक्रार केली. वेबसाइटनं लगेच माझे पैसे रोखून धरले. पुढच्याच आठवड्यात त्याच गृहस्थानं कुठल्याशा ग्रुपवर आपल्या मांजराचा फोटो टाकला, आणि तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मांजर चांगलं गलेलठ्ठ, आमच्या मोराच्या चादरीवर ऐसपैस पसरलेलं. मी तो फोटो तक्रारीला जोडला आणि खाली लिहिलं, की आपल्याला नाही तरी मांजराला चादर मिळालेली दिसते. पैसे सुटले. त्या दिवशी मी नवऱ्याला दोनदा चहा करून दिला, आणि कशाबद्दल ते त्यानं विचारलं नाही.

सगळ्याच लढाया अशा जिंकता आल्या नाहीत. एका बाईनं लिहिलं, चादरीच्या कोपऱ्यावर लाल डाग आहे, रक्ताचा असावा, तुम्ही वापरलेला माल विकता. मी खवळले. आधी विणकराला फोनवर झाडलं, तो बिचारा शपथा घ्यायला लागला. मग फोटो मोठा करून बघितला. डाग गोल होता, बरोबर बोटाच्या टोकाएवढा, आणि त्याच्या शेजारी आणखी एक, पिवळा.

आत्या तेव्हा पार्सल शिवत बसल्या होत्या. त्यांच्या मांडीशी दोऱ्याचं रीळ होतं आणि रिळाशेजारी देवघरातला कुंकवाचा करंडा. मी विचारलं, हे काय चाललंय? त्यांनी लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"आगं, कोरं कापड तसंच घराभायेर धाडत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "ल्येकीबाळींच्या अंगावर पडनार ते."

नवं वस्त्र अंगाला लावण्याआधी त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावायचं, हे मलाही माहीत होतं. माझ्या लग्नातल्या प्रत्येक साडीला लावलेलं आहे. पण सातासमुद्रापलीकडच्या बाईला मी ते फोनच्या इंग्रजीत कसं सांगणार? तरी सांगितलं. वेबसाइटनं निकाल दिला, की मालावर विक्रेत्याकडूनच लाल खूण झाली आहे, सबब पूर्ण पैसे परत. चादरही त्या बाईकडेच राहिली. मी आत्यांना नको तेवढं बोलले. धंद्यात देवधर्म आणू नका, चादरीवर डाग पाडू नका, उद्या दुकान बंद पडलं तर तुम्ही भरून देणार का, असं काहीबाही. करंडा मी उचलून देवघरात नेऊन ठेवला. दोन दिवस त्या माझ्याआधी जेवून घ्यायच्या, म्हणजे माझ्यासमोर बसायला नको.

दुसरा निकाल चादरीच्या वजनावरून विरुद्ध गेला. सोलापुरात चादर घेणारा माणूस आधी ती हातावर तोलून बघतो; हलकी लागली तर परत ठेवतो. त्यामुळे वजन लिहावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका माणसानं तक्रार केली, की पांघरल्यावर छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. मला वाटलं तो कौतुक करतोय. मी आभार मानून मोकळी झाले आणि वेबसाइटनं तो माझा कबुलीजबाब धरला.

मग वेबसाइटचं पत्र आलं. आणखी एक तक्रार विरुद्ध गेली तर दुकान कायमचं बंद.

आणि नेमकं तेव्हाच आणखी एक गिऱ्हाईक आलं. विकत घेण्याआधी त्यानं चादरीचे उन्हातले फोटो मागितले, मग ट्यूबलाइटखालचे. मग विचारलं, मोराचं तोंड कोणत्या बाजूला आहे? मी म्हटलं, चादर जशी फिरवाल तसं. एवढं होऊन त्यानं चादर घेतली, आणि महिन्याभरानं कळवलं, रंग फोटोसारखा नाही, परत पाठवतो.

पार्सल आलं. आत मोराची चादर होती, तशीच मरून रंगाची, पण आमची नव्हती. कुठून तरी घेतलेली नक्कल, धुऊन धुऊन पातळ झालेली. हातात घेताक्षणी मला कळलं. आमची ठेवून घेऊन बहाद्दरानं घरातली जुनी पाठवली होती. मी फोटोवर फोटो पाठवले. वेबसाइटचं म्हणणं, दोन्ही सारख्याच दिसतात, ही तुमची नव्हे याचा पुरावा सात दिवसांत द्या. आता वजन हाताला कळतं, ते फोटोत कसं दाखवायचं? मला रडू आलं, आणि रडू आल्याचाच जास्त राग आला. माझं एवढंसं दुकान एका लबाड माणसाच्या जुन्या चादरीपायी जाणार होतं.

आत्यांनी ती चादर ओढून घेतली. दुमडीचा डावा कोपरा चाचपला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्याकडे टाकली.

"ही आपली न्हाय."

मी म्हटलं, ते मलाही कळतं, पण कशावरून?

"हिच्या आत बोट न्हाय लावल्यालं."

मी खोदून विचारलं तेव्हा कुठं कळलं. करंडा देवघरात गेल्यापासून एकही चादर त्यांनी कोरी पाठवलेली नव्हती. दुमडीच्या कोपऱ्यावरचे दोन टाके उसवायचे, आत कुंकवाचं बोट टेकवायचं आणि हातानं पुन्हा दोन टाके घालायचे. पार्सल शिवायला सुई हातात असायचीच, मला पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

"तू म्हनलीस भायेरनं लावू नगा," आत्या म्हणाल्या. "आतनं लावू नगा आसं कुटं म्हनलीस?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांच्या पाया पडायचं होतं. दोन्ही जमलं नाही. मी फोन उघडला आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून लिहायला बसले: कृपा करून चादरीच्या दुमडीच्या कोपऱ्यावरचे, हातानं घातलेले दोन टाके उसवा, आत काय दिसतं त्याचा फोटो पाठवा, माझं दुकान त्यावर अवलंबून आहे. लोक काय म्हणतील कोण जाणे, असं वाटत होतं. चार दिवसांत पाच फोटो आले. पाच देशांतल्या पाच कोपऱ्यांत आत्यांचं बोट. एका म्हातारीनं लिहिलं, तिला ते पूर्वीच सापडलं होतं, विणणाऱ्या बाईची सही असेल असं तिला वाटलं, म्हणून तिनं ते तसंच पुन्हा शिवून ठेवलं होतं.

मी ते पत्र आत्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शान्या घरची दिसती."

पाचही फोटो मी जोडले. परत आलेल्या चादरीचा कोपराही जोडला: मशीनची अखंड शिवण, आत काही नाही. आणि सगळ्यात वर लावला वेबसाइटचाच जुना निकाल, ज्यात त्यांनी स्वतः लिहिलं होतं, की मालावरची लाल खूण विक्रेत्याकडूनच झाली आहे. तुम्हीच सांगितलंत, आता नाही कसं म्हणता, एवढंच मी खाली लिहिलं. या वेळी फोननं त्यातलं काही गाळलं नसावं, कारण तिसऱ्या दिवशी निकाल माझ्या बाजूनं लागला.

निकाल वाचून मी आधी देवघरात गेले, करंडा आणला आणि आत्यांच्या रिळाशेजारी ठेवला. माफी मला नीट मागता येत नाही. मी म्हटलं, आता बाहेरूनच लावत जा. त्यांनी करंड्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि कुंकू संपत आलंय, येताना घेऊन ये, एवढंच म्हणाल्या.

दुकानाच्या पानावर आता मी लिहून टाकलंय, की प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला आमच्या घरच्या बाईनं कुंकवाचं बोट लावलेलं असतं. वजनही लिहिलंय. गिऱ्हाइकं आवर्जून कोपऱ्याचे फोटो पाठवतात.

परवा पुन्हा तक्रार आली. एका बाईनं लिहिलं, चादर छान आहे, पण कोपऱ्याला बोट नाही, तुम्ही लिहिल्याप्रमाणे माल नाही. मी भांडायच्या तयारीनं बाह्या सरसावल्या आणि मग तारीख बघितली. त्या आठवड्यात आत्या कुंभारीला गेल्या होत्या. पार्सलं मी एकटीनं भरली होती, घाईघाईत, आणि मला आठवणसुद्धा झाली नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाईक खरं बोलत होतं.

पैसे परत देऊन टाकते, असं मी आत्यांना सांगितलं. त्या माझ्यावरच चिडल्या.

"पैशे कशाला? चादर परत मागव की. बोट लावून पुन्हा धाडू."

जाण्यायेण्याचा टपालखर्च चादरीच्या किमतीच्या वर जातो, हे मी त्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या बाईला लिहिलं, की चादर परत पाठवा, खर्च आमचा, चूक माझी आहे. ती चादर अजून वाटेत आहे.