पाना लावण्याआधी टिक

मला लिहायला सांगण्यात काय अर्थ आहे? चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. पण आमच्या प्लंबर मंडळाचा सेक्रेटरी ऐकेना. ठीक आहे. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्या उपसल्या की किस्से गाळासारखे साचतात. घ्या, काढतो!

आधी एवढं समजून घ्या. दुकान मी दिवाळीला बंद करणार होतो. सगळी कामं माझ्या डोक्यात, आणि डोकं विसरायला लागलेलं. गिऱ्हाईकं तुटत होती. तेव्हा सूनबाई, सुप्रिया, कंपनीतली नोकरी सोडून आली. म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत माझ्या पद्धतीने चालवू." पद्धत म्हणजे प्रत्येक घराचं एक कार्ड, कामाआधी फोटो आणि दहा ओळींची चेकलिस्ट. मी म्हटलं, "हातात पाना धरू का कागद?"

*

नियम होता, सांगितलेल्या वेळेला पोचायचं. सदाशिव पेठेत दहाची वेळ दिली, दहाला बेल वाजवली. लेले आजोबांनी दार उघडलं. घड्याळ बघितलं, मग मला बघितलं.

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

*

चेकलिस्टची पहिली ओळ: मेन व्हॉल्व्ह बंद केला का? आमचा जुना कारागीर दत्तू म्हणाला, "मालक, टिक राहिली." मी म्हटलं, "तुला पाना धरायला शिकवलं कोणी?" आणि फिरवला. छतापर्यंत कारंजं! घरातल्या बाई टॉवेल घेऊन आल्या.

"अहो, आंघोळ घरून करून यायची ना!"

*

शेवटची ओळ: गिऱ्हाईकाने स्वतः नळ सोडून बघितला का? आता पेठेत पाणी येतं सकाळी. दुपारी नळ सोडून काय बघणार, हवा? म्हणजे सकाळी परत जा! मी चिडलो, "एका वॉशरला दोन खेपा?"

सूनबाई म्हणाली, "पूर्वी चार व्हायच्या, बाबा. वर शिव्या."

*

मग माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे पडून. दत्तू कार्ड बघून कामं करत होता. उठल्यावर कुलकर्णी बाईंना फोन केला, "उद्या मी स्वतः येतो."

"नको नको, तुम्ही आराम करा. दत्तूच बरा!"

आधी राग आला, मग हसू आलं. माझ्याशिवाय दुकान चालत होतं! सूनबाईला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. पोरी, तुझे उपकार आहेत.

*

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. बारा फ्लॅटच्या एका सोसायटीचं वर्षभराचं काम मिळालं होतं, आणि दुकान राहतंय का जातंय ते त्यावरच होतं. चेअरमन सबनीस, रिटायर्ड साहेब, जिन्यात सगळ्यांसमोर ओरडले, "माझं बेसिन फोडलंत, वर नाही म्हणता? खोटारडे! उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही!"

सूनबाईने मोबाईल पुढे धरला. कामाआधीचा फोटो. बेसिनला तडा, आणि तड्यावर सबनीसांनीच चिकटवलेली टेप!

सबनीसांनी चष्मा पुसला. फोटो मोठा करून बघितला.

"उजेड जरा कमी पडलाय फोटोत," म्हणाले, आणि आत जाऊन दार लावलं.

काम हातात राहिलं, दुकानही राहिलं. माफी तेवढी यायचीय. सबनीस, तुमची!