निळ्या डोलकाठीचं गलबत

कधीच न छापलेल्या एका पुस्तकाची मी गावात जाहिरात केली, आणि ज्या मुलीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला तिलाच लोकांसमोर खोटं पाडलं. ही चूक माझी. तेव्हा मी लहान होतो हे खरं आहे, पण ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याचा आधार वाटत नाही.

साठच्या दशकातली ती वर्षं. माझे वडील घिवलीच्या शाळेत मास्तर होते आणि आम्ही मच्छीमारांच्या वस्तीला लागून दोन खोल्यांत राहायचो. पलीकडे तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू होतं. मामा त्या कामावर कारकून होता. तो बोईसरला राहायचा आणि दर शनिवारी आमच्याकडे मासे खायला यायचा. येताना स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून माझ्यासाठी एक रंगीत चित्रकथा आणायचा. आईला ते पसंत नव्हतं. "अभ्यासाचं काही आणत जा की," ती म्हणायची. मामा म्हणायचा, "ताई, तू बोंबील तळ. पोराचं मी बघतो."

पुस्तक हातात पडलं की रविवार दुपारपर्यंत पाठ व्हायचं. मग उरायचं ते शेवटचं पान. त्या पानावर पुढे येणाऱ्या पुस्तकाची जाहिरात असायची. एक छोटंसं चित्र, खाली नाव आणि दोन ओळी. अर्धा घोडा, एखादी उघडी तलवार, खिडकीत कुणाचा तरी हात. बाकी सगळं आपण भरायचं. खरं सांगायचं तर मला पुस्तकापेक्षा ते पान जास्त आवडायचं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत मी त्या अर्ध्या घोड्यावर बसून फिरत असे. वडील वर्गात फळ्यावर गणित मांडायचे आणि मी खिडकीबाहेर, माडांच्या वर, ढगांत तो हात कुणाचा असेल ते शोधत बसायचो. शनिवारी खरं पुस्तक यायचं तेव्हा थोडी निराशाच व्हायची, कारण मी पाहिलेलं त्यात बरंचसं नसायचं.

ते पान मी एकट्यापुरतं ठेवत नसे. किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत असायचे आणि वस्तीतली मुलं दुपारभर कावळे हाकलायला तिथे बसायची. मोठी माणसं होडीवर नाहीतर जाळी विणण्यात. वाळू तापलेली, ओहोटीचं पाणी लांब गेलेलं, हवेत बोंबलांचा वास इतका दाट की काही वेळाने तो जाणवेनासा व्हायचा. त्या सुस्तीत मी उभा राहून सांगायचो, "या शनिवारी येत आहे..." आणि मुलं कावळे विसरायची. मग वरून कुणाच्या तरी आईची हाक यायची, "मेल्यांनो, बोंबील कावल्यांना विकले काय?"

ती मुलगी त्यांच्यातलीच, माझ्याच वयाची. दुसरीत असताना तिला शाळेतून काढलं होतं, धाकटी भावंडं सांभाळायला. वडील दोनदा तिच्या घरी समजावायला जाऊन आले, पण तिची आई म्हणाली, "मास्तर, तुमी शिकवा. तवर माझी पोरं कोन बघील?" ती जरा बाजूला, पाठ करून बसायची. ऐकत नसल्यासारखी. पण मी काही चुकवलं की बोलायची ती पहिली.

एका शनिवारी घात झाला. मामाने येताना रस्त्यात पान खाल्लं आणि चुना पुसायला पुस्तकाचं शेवटचं पानच फाडलं. मी रडलो. मामा म्हणाला, "अरे, गोष्ट तर सगळी आहे ना? मागची जाहिरात फाडली मी." त्याला काय कळणार?

रविवारी किनाऱ्यावर मुलं वाट पाहत होती. मी नुसताच उभा राहिलो. तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "ठाऊक नसंल तर नाय म्हून सांग ना. मास्तरच्या पोराला नाय म्हनायला लाज वाटते काय?"

सगळे हसले. आणि मी म्हणालो, "निळ्या डोलकाठीचं गलबत."

नाव कुठून आलं मला माहीत नाही. पण तोंडातून निघालं आणि समोर दिसलंच ते. मी सांगत गेलो. एक गलबत आहे, त्याची डोलकाठी निळी. ते भरतीला दिसत नाही, फक्त ओहोटीला, आणि तेही चिखलावरून चालत येतं, पाण्याशिवाय. त्यावर माणूस नाही. कुणीही सुकाणू धरलं तरी ते वळत नाही. मग मी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणालो, "ते फक्त एका मुलीचं ऐकतं."

तिने मान वळवली.

"पोरीचं?"

"हो. चित्रात तीच उभी आहे. सुकाणू धरून."

"खोटं."

"येईल तेव्हा बघ."

"आनि डोलकाठी निळी कशी? रंग कोन देतो तिला?"

"रंग नाही दिलेला. लाकूडच निळं आहे."

एक कावळा तिच्या समोर बोंबील ओढून घेऊन गेला तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "हे पुस्तक तू वाचून दाखवायचं नाय. हे मी सोता वाचीन."

असं सुरू झालं. तिला काही अक्षरं आठवत होती, बाकीची पुसून गेली होती. माझी जुनी पुस्तकं घेऊन ती चौकटींखालच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावलीत बसायची आणि मी बोट ठेवून सांगायचो. पात्रांच्या तोंडातून निघणाऱ्या फुग्यांतली वाक्यं छोटी असतात, त्यामुळे ती लवकर जमली. "थांब!" हा तिने आपणहून वाचलेला पहिला शब्द. दिवसभर ती कावळ्यांना "थांब!" म्हणून ओरडत होती.

कामावर जाणाऱ्या नव्या रस्त्यावर पाट्या लागल्या होत्या. 'धोका'. 'काम चालू आहे'. 'प्रवेश बंद'. ती पाण्याला जाता-येता त्या मोठ्याने वाचायची. एकदा रखवालदाराने तिला हटकलं, "ए, इधर किधर?" तर तिने त्यालाच पाटी वाचून दाखवली आणि पळत आली.

आणि दर रविवारी विचारायची, "आलं?"

"या शनिवारी सगळे अंक संपले होते."

"आलं?"

"पुढच्या आठवड्यात नक्की. छापायला उशीर झालाय."

प्रत्येक वेळी मला तिला खरं सांगता आलं असतं. तसं ठरवूनही मी जायचो. पण ती विचारायची, "बरं, ती पोर गलबतावर चढते कशी?" आणि मी सांगायला लागायचो. गलबत येतं तेव्हा कुत्री भुंकत नाहीत. त्याच्या शिडाला मीठ लागलेलं असतं आणि चांदण्यात ते चमकतं. कधी ती माझं अडवायची, "नाय, ती आईला सांगून नाय जात. आई सोडनार नाय." मग आम्ही त्या पोरीला आईला न सांगता न्यायचो. झोपेत मला ती पानं दिसायची, रंगांसकट, चौकटी चौकटींत. तारापूरच्या किल्ल्याच्या बाजूने ओल्या चिखलावरून ते गलबत सरकत यायचं, आवाज न करता, आणि सुकाणूवर ती असायची. पुढेपुढे शनिवारी मामा पिशवीत हात घालायचा तेव्हा मी वाकून आत डोकवायचो. मला वाटायचं, आज निघेलच. इतकं स्पष्ट दिसतंय ते कुणीतरी, कुठेतरी काढलेलं असणारच.

बोंबलांचा हंगाम संपत आला तेव्हा तिची आई सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला निघाली, आणि ती हट्टाने बरोबर गेली. "स्टेशनात जाऊन बघते मी. तुझ्या मामाला दिसत नसंल." मीही निघालो. मामाकडे जातो असं घरी सांगितलं. का गेलो? तिला अडवायला, असं मी नंतर म्हणत आलो. खरं म्हणजे मलाही ते पुस्तक तिथे असेल असं वाटत होतं.

आम्ही कामावरच्या एका ट्रकमध्ये मागे बसलो, टोपल्यांच्या मधे. रस्त्यातली एकही पाटी तिने सोडली नाही. तिची आई टोपलीला टेकून डोळे मिटून बसली होती, पण तोंडाच्या कडेला हसत होती.

बोईसरला उतरून आम्ही दोघं स्टेशनात गेलो. मुंबईकडून येणारी गाडी यायची होती, फलाटावर माणसं होती. स्टॉलवर दोरीला चिमटे लावून नवीन चित्रकथा टांगल्या होत्या. मी इतक्या एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. ती दोरीच्या एका टोकाला उभी राहिली आणि वाचायला लागली. मनात नाही, मोठ्याने. एकेक अक्षर धरून.

"धु-क्या-त-ला... घो-डे-स्वार. धुक्यातला घोडेस्वार. हे नाय."

मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. जोडाक्षराला अडायची, मागे जायची, पुन्हा घ्यायची. स्टॉलवाला हातातलं काम सोडून बघत होता. बोईसरची तीन-चार शाळकरी मुलं जवळ आली. तिचा परकर, तेल लावून चापून बसवलेले केस, अंगाचा मासळीचा वास, सगळं त्यांनी पाहिलं आणि एकाने नाक धरलं. तिला पत्ताच नव्हता. दोरी संपली तशी ती स्टॉलवाल्याला म्हणाली, "निळ्या डोलकाठीचं गलबत द्या."

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं, आणखी स्पष्ट.

"असलं काही नाही बाई. नावच ऐकलं नाही मी. कुणी सांगितलं तुला?"

"ह्यानं," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "सांग ना रे त्यांना. पोर सुकानूवर हाय त्ये."

ती मुलं माझ्याकडे बघायला लागली. माझ्या पायांत चपला होत्या, शर्ट इस्त्रीचा होता. मला त्या मुलांसारखं दिसायचं होतं. मी म्हणालो, "मी? मी कुठं काय सांगितलं? काहीतरीच बडबडते ही. तिला वाचतासुद्धा येत नाही."

मुलं हसली. ज्याने नाक धरलं होतं तो सगळ्यात मोठ्याने.

ती माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं. तिचं तोंड काही कुणाला भिणारं नव्हतं. पण तिने फक्त एकदा त्या दोरीकडे पाहिलं, जणू काही मघाशी वाचलेलं तपासून घेत होती, आणि निघून गेली.

परतताना ट्रकमध्ये ती पाट्यांकडे पाठ करून बसली. आईने विचारलं, "काय गं, संपली शाला?" त्या रविवारी ती किनाऱ्यावर होती, पण पार टोकाच्या चौकटीपाशी. मी जवळ गेलो तर उठून भावाला कडेवर घेतलं. माझी जुनी पुस्तकं तिच्या धाकट्या बहिणीने आणून ओट्यावर ठेवली. ती पुन्हा वाचताना मला दिसली नाही. पाण्याला जाताना 'धोका'च्या पाटीजवळून ती खाली बघून जायची.

मी जाहिराती सांगणं बंद केलं. मुलांनी काही दिवस विचारलं, मग सोडून दिलं. पुढल्या जूनमध्ये वडिलांची माकुणसारला बदली झाली आणि आम्ही निघालो. गाडीत सामान चढवत होते तेव्हा ती विहिरीवर होती. मी गेलो नाही.

नंतर मी पालघरलाच नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलं झाली. माझा मुलगा नवीन पुस्तकाची वाट बघत शेवटचं पान उलटसुलट करायला लागला की मी खोलीबाहेर जायचो. बायकोला वाटायचं मला तसली पुस्तकं आवडत नाहीत.

आणि मग इतक्या वर्षांनी ती पालघरच्या मासळीबाजारात दिसली. मी लगेच ओळखलं. मान वळवायची तिची पद्धत तीच होती. बरेच महिने मी तिच्या रांगेत गेलो नाही. दुसऱ्या टोकाच्या बाईकडून मासळी घ्यायचो आणि घरी आल्यावर बायको म्हणायची, "ही कुठून आणली? ताजी तरी आहे का?" एकदा गर्दीत तिने टोपलीखालचा वर्तमानपत्राचा तुकडा उचलला, क्षणभर हातात धरला आणि त्यात सुकट बांधली. तेवढ्यात तिने तो वाचला का, ते मला दिसलं नाही. रात्रभर मी त्याचाच विचार करत होतो. विचारायला मात्र तोंड नव्हतं.

गेल्या आठवड्यात गेलो. दुपार होत आली होती, बाजार उठत होता. ती फळी धूत होती.

"संपलं सगलं," ती वर न बघता म्हणाली. "बोंबील हायेत थोडे. घ्यायचे काय?"

मी उभाच राहिलो. तेव्हा तिने वर पाहिलं. पाणी फळीवरून वाहत खाली गेलं. ती म्हणाली, "मास्तरचा."

"हो."

"केस गेले सगले."

"हो," मी म्हणालो. शेजारची बाई हसली. तिला तू म्हणावं की तुम्ही, मला कळेना. घरून ठरवून नेलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना.

"बोल ना," ती म्हणाली. "मला गाडी हाय."

"ते पुस्तक नव्हतंच," मी म्हणालो. "मी मनाने रचलं होतं, आणि तुला आठवड्यामागून आठवडा फसवत राहिलो. पण स्टॉलवर मी जे बोललो ते त्याहून वाईट होतं. तुला वाचता येत होतं. दोरीवरची सगळी नावं तू बरोबर वाचली होतीस, मी शेजारी उभा राहून ऐकली होती. त्या पोरांनी मला हसू नये म्हणून मी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."